इंजेक्शन सिस्टरने दिलं तर चालतं का?

डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉन लिहून दिलं आहे. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. मग प्रत्येक वेळी मोठ्या डॉक्टरांकडेच जायचं, की गावातल्या सिस्टरने दिलं तरी चालतं? ज्याला हे औषध सुरू होतं त्याचा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो. 'याने काय होईल' हा प्रश्न संकोचामुळे मागे पडतो. जाण्यायेण्याचा प्रश्न मात्र बिनधास्त विचारता येतो.

हा प्रश्न विचारायला कुंभारीइतकी योग्य जागा शोधून सापडणार नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यातलं, अक्कलकोट रस्त्यावरचं हे गाव. एका बाजूला अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय. दुसऱ्या बाजूला कामगारांच्या वसाहती. 2006 मध्ये विडी कामगार महिलांना गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं मिळाली. पुढे रे नगरची तीस हजार घरांची योजना आली आणि त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. नावाने गाव, पण वस्ती एखाद्या शहराएवढी. तज्ज्ञ डॉक्टर फार दूर नाहीत, तरी पंधरा मिनिटांच्या कामासाठी सकाळभर ओपीडीच्या रांगेत बसायचं तर त्या दिवसाची मजुरी गेलीच म्हणून समजा.

उत्तरासाठी आधी औषध समजून घ्यावं लागेल. कोणतं काम कोणी करायचं ते त्यानंतरच ठरवता येतं.

1. टाकी, टँकर आणि बंद झालेला नळ

टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या वृषणांत तयार होतं. त्याचा हुकूम मात्र मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी आहे. ती दोन संप्रेरकं सोडते. एक वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगतं, दुसरं शुक्रजंतू तयार करण्याच्या कामाला हातभार लावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की मेंदूला ते कळतं आणि हुकूम सौम्य होतो.

सोलापूरकरांना हे टाकीवरून चटकन कळेल. पाणी चार-पाच दिवसांनी येणाऱ्या शहरात गच्चीवरची टाकी हा घरातला महत्त्वाचा सदस्य असतो. टाकीतला तरंगता फुगा पाणी वर आलं की नळ आपोआप बंद करतो. आता कोणी बाहेरून टँकर आणून टाकी भरली, तर फुगा वर जाणार आणि घरचा नळ बंद होणार. नळाला बिचाऱ्याला काय माहीत पाणी कुठून आलं! टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन हा तो टँकर. रक्तातली पातळी वाढते, पिट्युटरी गप्प बसते, वृषणांचं काम मंदावतं. आणि शुक्रजंतू तयार व्हायला वृषणाच्या आत जे भरपूर टेस्टोस्टेरॉन लागतं, ते बाहेरच्या इंजेक्शनातून तिथे पुरेसं पोहोचत नाही.

म्हणजे 'मर्दानगीचं' म्हणून जे इंजेक्शन ओळखलं जातं, ते घेताना बाप होण्याची शक्यता घटते. ही ऐकीव गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणूनच टेस्टोस्टेरॉन तपासून पाहिलं होतं. दर आठवड्याला 200 मिलिग्रॅम दिल्यावर निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यातले शुक्रजंतू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले. 1990 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. औषध थांबवल्यावर बहुतेकांचं काम पुन्हा सुरू होतं, पण त्याला महिने लागतात, कधी त्याहून जास्त काळ.

2. कमी आहे, हे ठरवायचं कसं

थकवा येतो, उत्साह नाही, इच्छा कमी झाली. एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या जाहिराती या तक्रारींना 'कमजोरी' म्हणतात आणि एका दमात इलाजही सांगतात. पण रक्तक्षय, मधुमेह, थायरॉईड, नैराश्य, अपुरी झोप, दारू, डोक्यावरचं कर्ज या सगळ्यांतूनही याच तक्रारी उद्भवतात.

म्हणून निदानाला दोन पाय लागतात: लक्षणं आणि रक्ताची तपासणी. तपासणी एकदाच करून भागत नाही. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि सकाळी सर्वांत जास्त असतं, त्यामुळे नमुना सकाळी, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दोन दिवशी घ्यायचा असतो. दुपारी जेवून लॅबमध्ये गेलेल्या माणसाचा आकडा कमी आला, तर त्याला आजार आहेच असं नाही. तापातून नुकत्याच उठलेल्याचंही तेच. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याची सकाळ तर घड्याळातल्या सकाळपेक्षा वेगळी. त्याने आपली झोप पूर्ण करून उठल्यावर नमुना दिलेला बरा. ही चौकशी लॅबच्या खिडकीवर होत नाही. ती आधी कोणीतरी करायला हवी.

आकडा खरोखरच कमी आला, तर पुढचा प्रश्न येतो, का कमी आहे? वृषणांतच बिघाड आहे (वयात आल्यानंतर झालेले गालगुंड, जन्मजात क्लाइनफेल्टर दोष, मार, केमोथेरपी), की हुकूम देणारी पिट्युटरी आजारी आहे? पिट्युटरीत गाठ असेल तर टेस्टोस्टेरॉन देत राहणं म्हणजे मूळ रोगावर पांघरूण घालणं. डोकेदुखी आहे का, बाजूचं दिसायला कमी झालं आहे का, हे विचारणं आणि गरज पडल्यास एमआरआय सांगणं हे डॉक्टरचंच काम. प्रोस्टेटचा किंवा स्तनाचा कर्करोग असेल, तर औषध सुरूच करायचं नाही. नजीकच्या काळात मूल हवं असेल, तर वेगळा मार्ग घ्यायचा. निव्वळ वय झालं म्हणून पातळी घसरली असेल, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्येच उत्पादकांना बजावलं की त्यासाठी या औषधाला मान्यता नाही.

इथवरचं काम डॉक्टरचं, आणि ते कोणाकडे ढकलू नये. गोंधळ सुरू होतो तो यानंतर.

3. वर्षाचा हिशेब मांडून पाहू

समजा, चाळीस वर्षांच्या एका माणसाला पक्क्या निदानानंतर औषध सुरू झालं. इंजेक्शनं साधारण दोन प्रकारची. पहिला प्रकार 250 मिलिग्रॅमच्या मिश्रणाचा, दर तीन आठवड्यांनी. वर्षाचे 52 आठवडे भागिले 3, म्हणजे सतरा इंजेक्शनं. दुसरा प्रकार 1000 मिलिग्रॅमचा, हळूहळू शरीरात उतरणारा. पहिल्या डोसनंतर सहा आठवड्यांनी दुसरा, मग साधारण दर बारा आठवड्यांनी. आठवडे मोजले तर 0, 6, 18, 30 आणि 42. पहिल्या वर्षात पाच.

आता डॉक्टरची खरी गरज कधी? सुरुवातीला, तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान एकदा आणि वर्ष पूर्ण झाल्यावर. मधेच काही बिघडलं तर तेव्हाही. म्हणजे सतरापैकी चौदा वेळा रुग्ण रांगेत बसतो ते डॉक्टरच्या बुद्धीसाठी नव्हे, सुईसाठी.

यातून दोनपैकी एक घडतं. काही जण कंटाळून औषध मधेच सोडतात. बाकीचे कुपी विकत घेऊन गल्लीतल्या कंपाउंडरकडून टोचून घेतात. ही दुसरी वाट जास्त धोक्याची, कारण तिच्यात सुई वेळेवर टोचली जाते आणि बाकी सगळं राहून जातं.

4. सुईच्या आधी आणि नंतर

'बाकी सगळं' म्हणजे काय? प्रशिक्षित नर्सचं मोल कळतं ते इथे. सुई टोचायला दोन मिनिटं लागतात. उरलेला वेळ विचारपूस आणि मोजमाप यांचा आहे.

सर्वांत महत्त्वाचं मोजमाप हिमॅटोक्रिटचं. शंभर मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती, हे तो आकडा सांगतो. निरोगी पुरुषात तो साधारण 40 ते 50 असतो. टेस्टोस्टेरॉनने तांबड्या पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं. आकडा 54 च्या वर गेला की औषध थांबवायचं, तो खाली येईपर्यंत पुन्हा द्यायचं नाही आणि वाढण्याचं कारण शोधायचं, असं अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीची 2018 ची मार्गदर्शिका सांगते. तपासणी औषधाआधी एकदा, तीन ते सहा महिन्यांनी एकदा, पुढे दरवर्षी. यात तर्क लढवायला जागाच नाही. 54 म्हणजे 54. असा नियम वहीत लिहिलेला असला, की तो पाळायला एमबीबीएस लागत नाही, शिस्त लागते. आणि शिस्तीच्या बाबतीत गर्दीच्या ओपीडीतल्या डॉक्टरपेक्षा यादी हातात घेऊन बसलेली सिस्टर कितीतरी भरवशाची, हे कोणताही प्रामाणिक डॉक्टर मान्य करील.

मग प्रश्न. घोरणं वाढलंय का? झोपेत श्वास अडकण्याचा विकार या औषधाने बळावू शकतो. लघवीची धार बारीक झाली का? छातीत दुखतं का, पोटरी सुजून दुखते का? 2023 मध्ये 'ट्रॅव्हर्स' नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांवर ती झाली. हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत आणि न घेणाऱ्यांत सारखंच आढळलं, ही दिलाशाची बातमी. पण हृदयाची लय बिघडणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं आणि मूत्रपिंडाला इजा होणं हे औषध घेणाऱ्यांत थोडं जास्त दिसलं. पोटरीचा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

एक प्रश्न खास आपल्याकडचा वाटावा असा आहे. 250 मिलिग्रॅमच्या काही मिश्रणांत औषध शेंगदाण्याच्या तेलात विरघळवलेलं असतं. शेंगा चटणीच्या या जिल्ह्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी कोणी चटकन कबूल करणार नाही, पण विचारायलाच हवं. 1000 मिलिग्रॅमचं इंजेक्शन एरंडेल तेलात असतं, चार मिलिलिटरचं. ते कमरेच्या स्नायूत अगदी सावकाश, दोनेक मिनिटं घेऊन द्यायचं. तेलाचा बारीक कण रक्तातून फुप्फुसात गेला तर लगेच खोकल्याची उबळ येते, दम लागतो. म्हणून इंजेक्शननंतर रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवायचं. गल्लीतला कंपाउंडर बसवून ठेवत नाही.

रक्त कोणत्या दिवशी काढलं, यावरही निष्कर्ष फिरतो. हळू उतरणाऱ्या इंजेक्शनात पातळी पुढच्या डोसच्या अगदी आधी मोजतात. कमी अंतराच्या काही इंजेक्शनांत दोन डोसांच्या मधोमध मोजतात. चुकीच्या दिवशी काढलेलं रक्त बघून डोस वाढवला, तर चूक डॉक्टरच्या सहीने पक्की होते. ही तारीख सांभाळायचं काम सिस्टरचं.

काही जण इंजेक्शनऐवजी जेल वापरतात, रोज खांद्याला चोळायचं. लहान घरात ते लेकरांच्या अंगाला लागू शकतं. मुलांमध्ये अकाली लव येणं, जननेंद्रिय वाढणं असे प्रकार घडल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2009 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. जेल लावल्यावर हात धुवा, जागा कपड्याने झाका, बायकापोरांचा तिथे स्पर्श होऊ देऊ नका, हे एकदा सांगून भागत नाही. घर कसं आहे, रात्री कोण कुणाशेजारी झोपतं, हे माहीत असलेल्या माणसानेच ते पुन्हा पुन्हा सांगायचं असतं.

5. डॉक्टर नसलेले चिकित्सक

अमेरिकेत 1965 या एकाच वर्षी दोन प्रयोग सुरू झाले. कोलोरॅडोत लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी नर्सना पुढचं प्रशिक्षण देऊन 'नर्स प्रॅक्टिशनर' घडवायला सुरुवात केली. ड्यूक विद्यापीठात युजीन स्टेड यांनी 'फिजिशियन असिस्टंट'चा अभ्यासक्रम उघडला. आज तिथे ही मंडळी निदान करतात, औषधं लिहितात, आणि टेस्टोस्टेरॉनच्या रुग्णांचा पाठपुरावाही करतात. किती स्वातंत्र्य द्यायचं, हे प्रत्येक राज्य आपापल्या कायद्याने ठरवतं. ब्रिटनने 2006 पासून पात्र नर्सना औषधं लिहिण्याचा व्यापक अधिकार दिला.

महाराष्ट्राने यासाठी परदेशाकडे पाहण्याचं कारण नाही. 1970 मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी जामखेडला काम सुरू केलं आणि गावातल्या, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका बनवलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तर त्याहून धाडस केलं. गावातल्या प्रशिक्षित स्त्रियांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखला आणि जेंटामायसिनची इंजेक्शनं दिली. 39 गावांत हा प्रयोग झाला. तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. ठरलेली लक्षणं, ठरलेलं औषध, ठरलेला डोस आणि प्रत्येक बाळाची नोंद या चौकटीत तिथलं काम चाललं.

छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला. विरोधामुळे तो पुढे बंद पडला, पण त्यातून निघालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक आरोग्य केंद्रांत कामाला लागले. पुढे त्यांचं ज्ञान तपासलं गेलं, तेव्हा प्राथमिक उपचारांत ते एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बरोबरीचे ठरले.

टेस्टोस्टेरॉनला सर्वांत जवळचं उदाहरण मात्र रक्तदाबाचं. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्र सुरुवातीपासून आहे. डॉक्टर गोळी ठरवतो, पुढे उपकेंद्रातली नर्स दर महिन्याला दाब मोजते आणि गोळ्या देते, आकडा चढला तर वर पाठवते. इथे रक्तदाबाच्या जागी हिमॅटोक्रिट लिहायचं, एवढाच बदल.

ट्रान्स पुरुषांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. त्यांच्यासाठी टेस्टोस्टेरॉन वर्षानुवर्षांची सोबत असते. 2019 च्या तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्याच्या 15 व्या कलमाने हार्मोन उपचारांची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. कल्याण आणि पुण्यातल्या, ट्रान्स व्यक्तींसाठीच्या 'मित्र क्लिनिक'मध्ये त्याच समाजातली माणसं समुपदेशक आणि कार्यकर्ते म्हणून बसत. रुग्ण तिथे न लाजता परत येत, ते यामुळेच. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि ही केंद्रं बंद पडली.

6. कायद्याची रेघ

भारतात टेस्टोस्टेरॉन 'शेड्यूल एच'मध्ये मोडतं. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकता येत नाही. नर्सला किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला, म्हणजे लोक ज्यांना सीएचओ म्हणतात त्यांना, ते स्वतःच्या अधिकारात सुरू करता येत नाही. सीएचओ बहुतेक बीएससी नर्सिंग किंवा बीएएमएस झालेले असतात आणि त्यांनी सहा महिन्यांचं सामुदायिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेलं असतं. डॉक्टरच्या लेखी चिठ्ठीवर इंजेक्शन देणं, नोंद ठेवणं, रक्त तपासायला पाठवणं, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सल्लासेवेवरून डॉक्टरशी गाठ घालून देणं हे मात्र त्यांच्या आवाक्यातलं काम आहे.

2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात 32 वं कलम आहे. मर्यादित परवाना असलेले 'समुदाय आरोग्य प्रदाते' नेमायची मुभा त्यात आहे. त्यांची संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या एक तृतीयांशाहून जास्त नको. प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधं ते स्वतः लिहू शकतील, बाकी सगळं डॉक्टरच्या देखरेखीखाली. या कलमावर डॉक्टरांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. महाराष्ट्रात होमिओपॅथांना एका वर्षाच्या अभ्यासक्रमानंतर अ‍ॅलोपॅथीची मुभा देणारी 2014 ची दुरुस्तीही अशीच वादात सापडली. डॉक्टरांची भीती अगदीच निराधार नाही. अर्धवट शिकलेल्याच्या हाती संप्रेरकं पडली तर काय होतं ते पुढच्या भागात येईलच. पण 'कोण लिहिणार' यावर इतकी वर्षं भांडताना 'लिहिल्यावर कोण बघणार' हा प्रश्न दोन्ही बाजूंनी वाऱ्यावर सोडला.

7. रिकाम्या खुर्चीवर बसलेला माणूस

औषधावर लक्ष ठेवणाऱ्याची ती खुर्ची रिकामी राहत नाही. तिथे जिमचा ट्रेनर येऊन बसतो. त्याच्या भाषेत याला 'सायकल' म्हणतात: आठ-दहा आठवडे इंजेक्शनं, मधे खंड, पुन्हा सुरू. डोस उपचाराच्या कितीतरी पट. चिठ्ठी न मागता कुपी देणारा मेडिकलवाला ओळखीचा. हिमॅटोक्रिट कोणी मोजत नाही, 'लग्न ठरलंय का, मूल हवंय का' हे कोणी विचारत नाही. दंड फुगतात, वृषणं आकसतात. मुरुमं येतात, छातीवर गाठ धरते, चिडचिड होते. लग्नानंतर दोन वर्षांनी वंध्यत्वाच्या दवाखान्यात तपासणी आधी बायकोची होते, आणि नवऱ्याचं वीर्य तपासल्यावर शून्य आकडा समोर येतो.

औषधाचा पाठपुरावा करणारा, डॉक्टर नसलेला माणूस आज जवळजवळ प्रत्येक गावात आहे. फक्त त्याला प्रशिक्षण नाही, वही नाही आणि जबाबदारी नाही. म्हणून नर्सच्या हाती हे काम द्यावं की नाही, ही चर्चा चुकीच्या जागेवरून सुरू होते. तुलना नर्स आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यात नाहीच. ती नर्स आणि जिमच्या ट्रेनरमध्ये आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, सिस्टरने दिलं तर चालतं, चांगलंच चालतं, मात्र डॉक्टरची लेखी चिठ्ठी हवी, तपासणीच्या तारखा कार्डावर हव्यात आणि कोणत्या आकड्याला थांबायचं ते त्यावर लिहिलेलं हवं. आणि ज्यांनी आधीच जिममध्ये सायकल सुरू केली आहे, त्यांनी कुंभारीच्या असो की सोलापूरच्या सिव्हिलच्या, मेडिसिनच्या ओपीडीत जावं. जाताना कुपीची रिकामी खोकी सोबत न्यावीत, किती आठवडे आणि किती डोस घेतला ते खरं सांगावं आणि हिमॅटोक्रिट व वीर्यतपासणी मागून घ्यावी. डॉक्टर रागावतील कदाचित, पण तपासतील.